जोडील की जोडावा

८ जानेवारी

आत्या,

पोचले, खोली मिळाली, पाणी सकाळी येतं, जेवण बरं आहे. हे सगळं फोनवर सांगणार होते. तीनदा लावला. तिन्ही वेळा पलीकडच्या देशातल्या बाईंनी मला त्यांच्या भाषेत काहीतरी समजावलं आणि फोन ठेवला. तुमच्या घरातला फोन अजून नदीपलीकडचाच टॉवर धरतो, हे त्यावरून कळलं. म्हणून आता पत्रंच.

नोकरीचं सांगते. चार शेजारी देशांचे दूरसंचाराचे नियम एकसारखे करायचे, म्हणून चौघांनी मिळून हे कार्यालय काढलं आहे. मी भाषा सहायक. मसुदा अभियंते आणि वकील लिहितात. वाक्याला कर्ता आहे का, एकच शब्द दोन ठिकाणी दोन अर्थांनी आलाय का, ते मी बघते. मूळ मसुदा आपल्या भाषेत असतो, बाकीचे तीन देश त्यावरून भाषांतर करतात. म्हणजे माझी एक चूक तीन भाषांत जाणार. 

बैठकीच्या खोलीत चार देशांच्या वेळा दाखवणारी चार घड्याळं आहेत. एक दोन वर्षांपासून बंद आहे. ज्यांचं आहे ते म्हणतात, सेल आम्हीच येऊन बदलू, इतरांनी हात लावायचा नाही. बाकीचे म्हणतात, बरं. इतकं एकमत दुसऱ्या कुठल्या विषयावर मी अजून पाहिलं नाही.

आता मुख्य गोष्ट. मसुद्यात कलम तेवीस आहे, सीमेवरच्या आपत्कालीन कॉलचं. ते वाचताना मला तुमची पुढची खोली दिसली. अभियंते म्हणाले, सीमेवरच्या लोकांचं नेमकं काय होतं ते कोणी लिहून दिलं तर बैठकीत वाचता येईल. तुम्ही लिहाल का? गेल्या वर्षी आतोबांच्या छातीत दुखलं तेव्हा काय काय झालं, ते क्रमाने. मला माहीत आहे, पण माझ्या तोंडून ते ऐकीव होतं.

तुमची भाची


१७ जानेवारी

चि. शंकेबाईस,

तुझ्या पत्रात चार ठिकाणी खाडाखोड आहे आणि चारही ठिकाणी आधीचा शब्द बरोबर होता. अजून तशीच आहेस.

क्रमाने लिही म्हणतेस, लिहिते. दुपारचे तीन. तुझे आतोबा कोणाचा तरी रेडिओ उघडून बसले होते. मला म्हणाले, "अगं, छातीवर कोणी बसलंय का बघ." मला वाटलं नेहमीची थट्टा. बघितलं तर चेहरा ओल्या मातीसारखा. मी पुढच्या खोलीतून आपल्या रुग्णवाहिकेचा तीन आकडी नंबर लावला. लागला पलीकडे. तिकडे तो नंबर अग्निशमन दलाचा आहे. त्या माणसाला आपली भाषा थोडी येत होती. म्हणाला, "कुठे आग लागलीय?" मी म्हटलं, आग नाही, माझा नवरा आहे. पत्ता सांगितला. तो म्हणाला, "बाई, तुमच्याकडे मी बंब पाठवला तर उद्या लढाई सुरू होईल." माणूस वाईट नव्हता. आवाज रडवेला झाला होता त्याचा.

मग मी मागच्या लोखंडी जिन्याने गच्चीवर गेले. पाण्याच्या टाकीमागच्या कोपऱ्यात उभं राहिलं की आपला टॉवर मिळतो, तोही एक काडी. तिथून लागला. रुग्णवाहिका पस्तीस मिनिटांत आली. डॉक्टर म्हणाले, या वेळी निभावलं, पुढच्या वेळी अर्ध्या तासाच्या आत आणा. तेव्हापासून काही वाटलं की आधी गच्ची, हे मी ठरवून टाकलंय. गुडघे बोंब मारतात, पण रोज एकदा सरावासाठी चढते. तुझे आतोबा खालून मिनिटं मोजतात आणि म्हणतात, "आज मेलो असतो."

टॉवरचं त्यांना विचार, तासभर सांगतील. त्यांचं म्हणणं असं की पलीकडचा टॉवर थेट काठावर आहे आणि आपला टेकडीमागे, फोन बिचारा ज्याचा आवाज मोठा त्याचं ऐकतो. "माणसांसारखंच," असंही म्हणाले आणि माझ्याकडे बघितलं.

हे बैठकीत वाच. फक्त ओल्या मातीचं वाक्य गाळ.

आत्या


२६ फेब्रुवारी

आत्या,

वाचलं. ओल्या मातीचं वाक्य गाळलं. बंबाच्या वाक्याला सगळे हसले, पलीकडच्या देशाचे प्रतिनिधी सोडून. ते म्हणाले, "भावना समजल्या."

आधी चार दिवस भांडण नंबरावरून झालं. चौघांचा एकच नंबर करायचा तर कोणाचा? शेवटी ठरलं की प्रत्येकाने आपापला ठेवावा, पण चारही नंबर चारही देशांच्या टॉवरवरून ओळखले जातील आणि कॉल त्याच्या त्याच्या देशाच्या नियंत्रण कक्षाला जाईल. मी अभियंत्यांना विचारलं, हे किती अवघड आहे? ते म्हणाले, "एक्स्चेंजमध्ये एक तक्ता असतो, त्यात चार ओळी वाढवायच्या. अर्ध्या दिवसाचं काम. त्यासाठी आपण सहा वर्षं भेटतोय."

कलमाचं वाक्य तुम्हाला लिहून पाठवते. "सीमाभागातील कंपनी असा कॉल, तो कोणत्याही देशाच्या ग्राहकाचा असो, संबंधित नियंत्रण कक्षास ताबडतोब जोडील." कंपनी, जोडील. कर्ता आहे, क्रियापद आहे. मला फार आवडलं ते वाक्य.

आमचे विधी सल्लागार, ज्यांना सगळे वकीलसाहेब म्हणतात, मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी दोन महिने रजेवर गेले आहेत. त्यामुळे शेवटचा हात माझ्यावर आला आहे. रोज सगळं दोनदा वाचते. बोटाखाली पट्टी धरून, तुम्ही शिकवलंत तसं.

तुमची भाची


२ एप्रिल

आत्या,

सही झाली! चारही देशांची. काल दुपारी, चार पेनांनी, कारण एका पेनावर एकमत झालं नाही. एक जूनपासून लागू. एक जूनपासून तुम्ही घरात कुठूनही नंबर लावा, रुग्णवाहिकेलाच लागेल. गच्चीवर जायला नको.

शेवटच्या आठवड्यात घाबरवणारी एक गोष्ट झाली, पण ती निभावली. पलीकडचे प्रतिनिधी आमच्या कार्यालयाच्या अध्यक्षबाईंना म्हणाले की सीमेवरच्या प्रकरणाची भाषा उद्धट आहे. "जोडील, देईल, कळवील. आम्ही काय यांचे नोकर आहोत?" आणखी एका देशानेही मान हलवली. अध्यक्षबाई मला म्हणाल्या, "मुली, अर्थ तोच राहू दे, भाषा जरा सभ्य कर. एवढ्यावरून सही अडायला नको."

मी दोन दिवस विचार केला. मग तुमची शिकवणी आठवली. पडवीत बसून तुम्ही सांगायचात, 'कर' म्हणजे हुकूम, 'करशील का' म्हणजे विनवणी, आणि 'करावं' म्हणजे ज्याला नाही म्हणता येत नाही ते. आपल्या घरात मोठ्यांना सगळं असंच सांगितलं जायचं. आजोबांनी आता जेवावं. दादांनी औषध घ्यावं. आणि कधी कोणी जेवलं नाही, औषध घेतलं नाही, असं मला आठवत नाही. म्हणून मी त्या प्रकरणात 'जोडील'चं 'जोडावा' केलं. "कंपनीने असा कॉल ताबडतोब जोडावा." मला तर हे जास्त बांधील वाटलं. पलीकडच्या प्रतिनिधींनी दोनदा वाचलं आणि उठून माझ्याशी हात मिळवला. म्हणाले, "घरचं वळण दिसतं."

आतोबांना सांगा.

तुमची भाची


११ एप्रिल

चि. शंकेबाईस,

पत्र तुझ्या आतोबांनी मोठ्याने वाचलं, मग मी वाचलं, मग शिकवणीच्या मुलींना फळ्यावर लिहून दाखवलं. विध्यर्थाचं याहून चांगलं उदाहरण मला तीस वर्षांत सापडलं नव्हतं. चार देश एका 'जोडावा'वर सही करतात! तुझे आतोबा म्हणाले, "चार सरकारं ऐकतात तिचं, आणि मी 'चहा द्यावा' म्हणतो तर मला ही बाई बशी दाखवते."

ते सध्या बरे आहेत. गोळ्या वेळेवर घेतात. संध्याकाळी कठड्याला टेकून पलीकडच्या टॉवरकडे बघतात आणि म्हणतात, "आता हा आपलाही झाला हं." शेजाऱ्यांना त्यांनी तारीख पाठ करून दिली आहे.

मी एक तारखेपासून गच्चीचा सराव बंद करणार आहे. त्या जिन्याची तिसरी पायरी हलते, डावा गुडघा तर बोलतच नाही माझ्याशी. एवढं तुझ्या कलमाने केलं तरी पुष्कळ झालं.

तुला शिकवलं तेव्हा तुझा बाप म्हणाला होता, गावात शाळा नाही म्हणून किती दिवस घरी ठेवणार, मुलगी घाबरट होईल. घाबरट झालीसच. पण बघ.

आत्या


१४ मे

आत्या,

उशीर झाला लिहायला. कार्यालयात काम फार आहे. वकीलसाहेब रजेवरून आले, डोळा बरा आहे त्यांचा.

एक कळवायचं होतं. अंमलबजावणीला कदाचित थोडा वेळ लागेल. अशा गोष्टी तारखेच्या तारखेला होतातच असं नाही. थोडं मागेपुढे होतं.

गच्चीवर जायची सवय मोडू नका. चढणं-उतरणं गुडघ्यांना चांगलं असतं असं मी वाचलं आहे. बंद केलं की सांधे आखडतात. तिसरी पायरी मात्र सुताराकडून घट्ट करून घ्या.

आतोबांना नमस्कार.

तुमची भाची


२३ मे

चि. शंकेबाईस,

तुझं पत्र म्हणजे वैद्याची चिठ्ठी. गुडघ्यांचं तू मला सांगू नकोस, ते माझे आहेत. डॉक्टरने स्पष्ट सांगितलंय, जिने कमी करा. तुझे आतोबा म्हणतात, "पोरगी काळजी करायला नवीन विषय शोधतेय, छातीचा सुटला म्हणून गुडघ्याचा धरला."

"थोडं मागेपुढे होतं" म्हणजे काय ते मात्र कळलं नाही. मी त्यांना विचारलं. ते म्हणाले, सरकारी माणसं असंच लिहितात, तारीख छापलेली आहे ना? छापलेली आहे. वर्तमानपत्रातलं कात्रण आम्ही फोनशेजारी चिकटवलं आहे. त्यात कलम तेवीस पूर्ण आहे, तुझ्या 'जोडावा'सकट. तू सहा वर्षांची होतीस तेव्हाही पाढा बरोबर म्हणून वर "चुकला असेल तर" म्हणायचीस. आता मोठी झालीस. एकदा तरी बरोबर आहे म्हणून झोप.

आत्या


९ जून

आत्या,

हे पत्र बसून नीट वाचा. आधी महत्त्वाचं. नंबर लागणार नाही. पुढच्या खोलीतून लावू नका. काहीही झालं तरी आधी गच्ची.

आता कारण. वकीलसाहेबांनी कामावर आल्यावर करार मागवला. पानं उलटत गेले आणि कलम तेवीसवर थांबले. मला विचारलं, "हे कोणी बदललं?" मी म्हटलं, मी. त्यांनी करार सुरुवातीला उघडला, कलम दोन, व्याख्या. तिथे छापलेलं आहे की जिथे 'करील' आहे ते बंधनकारक आणि जिथे 'करावे' आहे ते केवळ इष्ट. मी ते पान वाचलं होतं, आत्या. पट्टी धरून दोनदा वाचलं होतं. स्वल्पविराम तपासत होते. त्या दोन ओळी माझ्या वाक्याबद्दल आहेत हे माझ्या डोक्यात आलंच नाही. 'करावे' म्हणजे 'केलं तर बरं', असा अर्थ असू शकतो हेच मला माहीत नव्हतं. आपल्याकडे तो कधी नव्हताच.

मी सगळं सांगितलं, शिकवणीसकट. ते रागावले नाहीत. चष्मा पुसत राहिले. म्हणाले, "तुमच्या घरी फार चांगली माणसं असावीत." मग म्हणाले, "ज्यांनी सभ्य भाषा मागितली ना, त्यांना व्याकरण चांगलं येत होतं."

मी अध्यक्षबाईंकडे गेले. राजीनामा लिहून नेला होता. त्यांनी तो बाजूला ठेवला. म्हणाल्या, "एक शब्द बदलायचा तर चार मंत्रिमंडळं बसवावी लागतील. पाच वर्षांनी फेरविचार आहे, तेव्हा बघू." मी म्हटलं, सीमेवर माणसं आहेत. त्या म्हणाल्या, "पाच वर्षांनीही असतील." वाईट अर्थाने नाही म्हणाल्या, थकून म्हणाल्या. मग सांगितलं, राजीनाम्याने काय होईल, चौकशी होईल, करारच उघडा पडेल, आहे तेही जाईल.

एक तारखेला पलीकडच्या देशाचं पत्र आलं. "कलम तेवीसची इष्ट बाब म्हणून नोंद घेतली आहे." त्यांच्या कंपनीने तक्त्यात ओळी घातलेल्या नाहीत. आपल्या कंपनीनेही घातलेल्या नाहीत. अभियंत्यांनी दोन्हीकडे स्वतः फोन केले. दोन्हीकडून एकच उत्तर आलं, वरून बंधन नाही. आणि माझ्या टेबलावर वार्षिक अहवाल आला आहे, त्यात कलम तेवीस 'सर्वसंमतीने मंजूर' या यादीत आहे. तो मी तपासायचा आहे. वाक्यरचना बरोबर आहे.

आत्या, चूक माझी आहे, तुमच्या शिकवण्याची नाही. कात्रण फाडून टाका. आणि पायरी दुरुस्त झाली का ते कळवा.

तुमची भाची


८ जून

चि. मुलीस,

तुझे आतोबा पाच तारखेला गेले. तुझ्या बापाला माणूस पाठवून कळवलं, तो तिकडून तुला सांगेल न सांगेल, म्हणून लिहिते आहे.

क्रमाने लिहिते. दुपारी चार. टेबलाशी बसले होते. चहा विचारला, नको म्हणाले. ते चहाला नको म्हणाले तेव्हाच मी उठले. कात्रण समोर होतं, फोन शेजारी होता. नंबर लावला. अग्निशमन दल. या वेळी दुसरा माणूस होता. मी शांतपणे सांगितलं, रुग्णवाहिकेला जोडा. तो म्हणाला, जोडता येत नाही. मी म्हटलं, येतं, एक तारखेपासून येतं, कलम तेवीस. तो म्हणाला, "आमच्याकडे असलं काही आलेलं नाही." मी फोन ठेवला, परत लावला. तोच माणूस. मी त्याला कलम वाचून दाखवलं. पूर्ण. सावकाश, कारण त्याला आपली भाषा कमी येत होती. त्याने कोणाला तरी विचारलं. परत आला, नाही म्हणाला. मी त्याला 'जोडावा'चा अर्थ समजावून सांगितला. चार वेळा फोन लावला.

यात वीस मिनिटं गेली.  या वेळी त्यांनी मिनिटं मोजली नाहीत.

मग मी गच्चीवर गेले. लगेच लागला. गाडी चाळीस मिनिटांत आली. डॉक्टर म्हणाले, फार उशीर नव्हता झाला, थोडासाच झाला.

तू इतक्यात येऊ नकोस. घरात माणसं आहेत.

एक तारखेपासून लागू होणार होतं ना? आमच्या भागात यायचं राहिलं असेल का? तुझ्या कार्यालयात विचारून कळव. त्या माणसाशी मी उद्धट बोलले असेन तर तेही कोणाला तरी सांगायला हवं.

आत्या


२० जून

मुली,

तुझं नऊ तारखेचं पत्र पंधराला मिळालं. तुझं माझ्या वाटेवर आणि माझं तुझ्या वाटेवर होतं म्हणायचं.

पाच दिवस लिहिलं नाही. शिकवणीच्या मुली आल्या होत्या, त्यांना परत पाठवलं. फळ्यावर अजून ते वाक्य होतं, ते पुसलं.

शब्दाचं म्हणशील तर तो मीच दिला होता. तीस वर्षं त्याच अर्थाने शिकवला, आणि बाहेर त्याचा दुसराच अर्थ चालतो हे मला या वयात अग्निशमन दलाच्या माणसाकडून कळायचं होतं. त्याबद्दल मी तुला काही बोलणार नाही. कलम दोन मी वाचलं असतं तर मलाही ते दिसलं नसतं.

पण तुझी पत्रं मी परत काढून बसले. चौदा मेचं पत्र सारखं वाचते आहे. त्यात गुडघे आहेत, सांधे आहेत, पायरी आहे. वकीलसाहेब आले आहेत, त्यांचा डोळा बरा आहे. आणि तुझ्या नऊ जूनच्या पत्रात वकीलसाहेब कामावर आल्यावर करार मागवतात.

तू लहानपणी खोटं बोलली नाहीस. पाटी फुटली तर फुटली म्हणून सांगायचीस, रडत का होईना. म्हणून विचारते आहे, आणि घुमवून विचारत नाही. मला गच्चीवर चढायला लावलंस ते गुडघ्यांसाठी, की तेव्हा तुला माहीत होतं?

कारण लिहू नकोस. कारणं मला तुझ्याइतकीच सुचतात. हो किंवा नाही लिही.

आत्या


२७ जून

आत्या,

हो.

तीन मेला कळलं. तुम्हाला चौदा मेला लिहिलं, तेही गुडघ्यांचं. मधले अकरा दिवस मी रोज कार्यालयात गेले. टपालपेटी आमच्या जिन्याखालीच आहे.